वाढदिवसाला कोण आले नाही?

आमच्या उज्जैन शहरात देवास गेटजवळच्या एका सभागृहात ५ वर्षांच्या बालकाचा वाढदिवस होता. प्रार्थनेसाठी आम्हांला बोलावणे होते. शिंदे सरकारच्या काळापासून या शहरात मराठी घरे आहेत. त्यांपैकीच हे एक कुटुंब, उपासनेला नियमित येणारे, दानाला हात आखडता न घेणारे. बस स्थानकाची गर्दी ओलांडून आत शिरलो, तो समोर जंगल! कागदाची झाडे, फुग्यांची कमान, केकवर साखरेचा सिंह. हल्ली याला ‘थीम’ म्हणतात. बालपाहुण्यांनी प्राण्यांच्या पोशाखात यावे, अशी पत्रिकेतच विनंती होती. आम्ही प्रार्थना केली, सर्व लेकरांसाठी आशीर्वाद मागितला आणि जेवून घरी आलो.

पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेत एका मुलीला सहज विचारले, “बाळ, तू का आली नाहीस?” ती म्हणाली, “काका, मला कोणताच प्राणी होता आले नाही.” पोशाखाचे भाडे तिच्या आईला परवडले नव्हते. सर्व लेकरांसाठी प्रार्थना करताना कोणते लेकरू तेथे नाही, हे आम्ही पाहिलेही नव्हते.

मग अशी मेजवानी करणे पाप आहे काय? ‘हा पैसा गरिबांना दिला असता तर?’ असे म्हणणे सोपे आहे. पण जरा थांबावे. बेथानी येथे मरीयेने प्रभूच्या चरणांस मोलाचे सुगंधी तेल लावले, तेव्हा नेमके हेच यहूदा इस्कर्योत म्हणाला होता, आणि प्रभूने मरीयेचीच बाजू घेतली. प्रीती कधीकधी हिशेब ठेवत नाही. तेव्हा केवळ खर्चावरून कोणाला दोष देता येत नाही.

वाढदिवस पाळणेच चूक, असे म्हणणारेही होऊन गेले. पवित्र शास्त्रात फारो व हेरोद यांच्या वाढदिवसांच्या मेजवान्या आहेत. पहिलीच्या दिवशी मुख्य आचाऱ्याला फाशी झाली, दुसरीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात आले. यावरून ३ऱ्या शतकातील पंडित ओरिजेन याने वाढदिवसाचा उत्सव पापी लोकांच्या माथी मारला. आम्ही इतके पुढे जात नाही. १७४६ साली मोरेव्हियन मंडळीचे पुढारी काउंट झिंझेन्डॉर्फ यांच्या वाढदिवसाला केकमध्ये वयाइतक्या मेणबत्त्या लावल्याचे वर्णन आहे. देवाने दिलेल्या वर्षांबद्दल आनंद करण्यात गैर ते काय?

प्रश्न निराळाच आहे: आपल्या आनंदाचे दार केवढे आहे? लूककृत शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात प्रभू सांगतो की, उलट आमंत्रण देऊन फेड करतील अशांना नव्हे, तर ज्यांच्याजवळ फेडायला काही नाही त्यांना बोलवा. आमच्या मेजवानीत मात्र फेड आधीच ठरलेली असते. पाहुणा भेट आणतो, जाताना ‘रिटर्न गिफ्ट’ नेतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच्या घरी याहून मोठे जंगल उभे राहते. ज्याला हा व्यवहार झेपत नाही, तो आपणहून घरी राहतो. त्याला कोणी हाकलत नाही, म्हणून आपल्या मनाला टोचतही नाही.

आईबाप म्हणतात, “आम्हांला लहानपणी काही मिळाले नाही, लेकराला तरी मिळो.” या बोलण्यामागची माया आम्ही ओळखतो, आम्हीही बाप आहोत. पण लेकराला त्यातून काय मिळते? ५ वर्षांचे मूल शब्दांनी शिकत नाही, पाहून शिकते. आपल्या सुखाच्या दिवशी कोण आत असते व कोण बाहेर, हे ते पाहून ठेवते.

हन्ना शमुवेलासाठी दरवर्षी एक लहानसा झगा शिवून नेत असे. मूल किती वाढले असेल याचा अंदाज घेत ती तो बेतत असेल. आईने वाढत्या वर्षांची आठवण ठेवण्याची ही किती साधी रीत! तो झगा कोणाला दाखवण्यासाठी नव्हता, लेकराच्या अंगासाठी होता.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. वाढदिवसाच्या पेटीत मूल वयाइतकी नाणी टाकते, तेव्हा त्याला हळूच विचारा, “तुझ्या घरी कोणाकोणाला बोलावलेस?” आणि आईबापांनो, केक खुशाल कापा, फुगे लावा. फक्त पत्रिका लिहिण्याआधी वर्गातले सर्वांत गरीब लेकरू डोळ्यांपुढे आणा. ते आहे त्या कपड्यांत येऊ शकेल, तर त्या मेजवानीला प्रभूही येईल.