चूल भाड्याने देता येते का?

गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमचं आगर आहे. नारळी-पोफळीच्या मधे जी मोकळी जागा होती तिथे आम्ही दोन लहान घरं बांधली. जांभ्याचे चिरे, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी. पुण्या-मुंबईची, कोल्हापूर-सोलापूरची कुटुंबं येतात, सुट्टीचे चार दिवस राहतात आणि आपलं आपण रांधून खातात. आमच्या गावात बहुतेक ठिकाणी पाहुण्यांना मालकीण ताट वाढते. आमच्याकडे मी किल्ली देते आणि स्वयंपाकघर दाखवते: शेगडी, कुकर, तवा, विळी, खवणी, नळ.

खोलीचं भाडं घेताना माझ्या मनात काही येत नाही. डोक्यावर छप्पर दिलं, त्याचे पैसे घेतले. स्वयंपाकघराचे पैसे घेताना मात्र मी थबकते. शेगडी भाड्याने देता येते, सिलिंडरही देता येतो. पण चूल पेटवली की पेटवणाऱ्यावर काही ऋण चढतं, असं आपल्याकडे फार जुन्या काळापासून मानतात. ते ऋण भाडेकराराबरोबर कोणाकडे जातं? त्यांच्याकडे, की माझ्याकडेच राहतं?

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली हिंसेची पाच ठिकाणं सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. घर चालवायचं तर या पाचही जागी जीव मरतात. त्याची फेड म्हणून रोजचे पाच यज्ञ: अध्ययन-अध्यापन, पितरांचं तर्पण, होम, भूतमात्रांना बळी, आणि दारी आलेल्याचा सत्कार. याच ग्रंथाची महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी होळी झाली. माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळतं असं मानणाऱ्या व्यवस्थेला तो आधार होता, म्हणून झाली, आणि ती व्हायलाच हवी होती असं मी मानते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, त्याच महाडात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला माणसांना सत्याग्रह करावा लागला होता. तरीही त्या पाच जागांची यादी मला टाकवत नाही. आपलं जेवण कुणाच्या तरी जिवावर शिजतं, हे ती स्पष्ट सांगते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातलं म्हणणं त्याहून कडक आहे. जो केवळ स्वतःसाठी शिजवतो तो पापच खातो. आता माझ्या घरांकडे बघा. चार माणसं, दार ओढलेलं, त्यांचं रांधणं त्यांच्यापुरतं. गावात त्यांचं कुणी नाही, गावाला त्यांची भूक माहीत नाही. यात अधर्म आहे का? हा प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाही. पाहुण्यांची माझ्याशी गाठ पडू नये अशीच सोय मी करून दिली आहे, आणि त्यासाठीच ते पैसे मोजतात.

कान्हेरीच्या लेण्यांत याच्या नेमकं उलटं दिसतं. बोरिवलीच्या जंगलात शंभराहून अधिक लेणी, बऱ्याच ठिकाणी निजायला दगडी ओटा आणि दाराशी पाण्याचं टाकं. कल्याण, सोपारा अशा बंदरांतल्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख तिथे कोरलेले आहेत. राहण्याची इतकी चोख व्यवस्था, पण भिक्षूने स्वतः रांधून खायचं नाही, हा विनयाचा नियम. अन्न साठवून ठेवायचं नाही, रोज पात्र घेऊन माणसांच्या दारी जायचं. त्याला चूल दिली असती तर तो गावापासून सुटला असता आणि गावही त्याच्यापासून सुटलं असतं. तो नियम एकमेकांची गरज शिल्लक ठेवण्यासाठी होता, असं मला वाटतं.

आणि कठोपनिषदातला नचिकेत? यमाच्या घरी पोचतो तेव्हा यजमान घरी नाही. मुलगा तीन रात्री उपाशी राहतो. परतलेला यम, प्रत्यक्ष मृत्यू, त्या पोराची क्षमा मागतो आणि रात्रीमागे एक असे तीन वर देतो. आमच्या किनाऱ्यावर आता यजमान नसलेली घरं पुष्कळ झाली आहेत. मालक शहरात, किल्ली राखणदाराकडे, पैसे मोबाईलवरून. तिथे उतरलेला माणूस उपाशी राहत नाही, सगळं सामान हाताशी असतं. पण कुणी कुणाची क्षमा मागावी असं तिथे काही घडतच नाही, आणि वर देण्यासारखंही घडत नाही.

वाटसरूने स्वतःचं रांधणं ही मात्र आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. माझ्या सासूबाई सांगायच्या, देवळात उतरलेल्याला घरातून शिधा जायचा: तांदूळ, डाळ, मीठ, आमसुलं, नारळ, दोन लाकडं. शिजवलेलं अन्न जायचं नाही. त्यात औदार्य होतं, आणि सोवळंही होतं. कोण कोणाच्या हातचं खाणार ही भीती त्या कोरड्या शिध्यात बांधलेली असे. सासूबाई दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगत. मला ते जमत नाही. आजही काही जण घर देताना आडनाव ऐकून घेतात, मग आत मासे शिजवायला बंदी घालतात. समुद्रकाठी घर घ्यायचं, वेलदूरहून टोपली घेऊन आलेल्या बाईकडून बांगडा घ्यायचा नाही, आणि त्याला पावित्र्य म्हणायचं, हे मला पटत नाही. माझ्या दोन्ही घरांत मासे शिजतात. माझ्या स्वतःच्या चुलीवर शिजत नाहीत, पण तो माझा प्रश्न आहे, पाहुण्यांचा नव्हे.

शिधा मात्र मी चालू ठेवला आहे. किल्लीबरोबर तांदूळ, वाटीभर कुळथाचं पीठ, आमसुलं आणि एक नारळ देते. त्याचे पैसे लावत नाही. पहिलं जेवण तरी विकत घेतलेलं नसावं, एवढाच माझा हट्ट. पुढचं मात्र मी ठरवलेलं नव्हतं. पाहुणे निघताना अर्धी राहिलेली तेलाची पिशवी, रवा, चहा, मुठीएवढी तूरडाळ ओट्यावर ठेवून जाऊ लागले. कामाला येणारी बाई विचारायची, हे घरी नेऊ का? तिने न्यावं, तिचा हक्कच आहे. पण तीच एकदा म्हणाली, वहिनी, रात्री उशिरा येणाऱ्यांना दुकान उघडं मिळत नाही, थोडं राहू दे. तेव्हापासून भिंतीतल्या एका फळीवर ते राहतं. येणारे त्यातलं वापरतात, जाणारे त्यात घालतात. एका आजोबांनी जाताना मोठ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून ठेवली आणि झाकणावर तारीख लिहिली, पुढच्याने शिळी खाऊ नये म्हणून. ज्याला कधी बघणार नाही त्याच्या पोटाची ही काळजी. गीतेच्या त्या कडक वाक्याला त्या फळीवर उत्तर मिळतं, असं मी मानते. ही माणसं केवळ स्वतःसाठी शिजवत नाहीत.

शिमग्यात पालखी घरोघर येते. एका वर्षी ती आली तेव्हा पुढच्या घरात सोलापूरकडचं कुटुंब होतं. मी आरतीचं तबक घेऊन आमच्या घरून निघाले, तोवर त्या बाईंनी पालखी आणणाऱ्यांच्या पायावर पाणी घातलं होतं, पदर सावरून देवीची ओटी भरायला त्या उभ्या होत्या. गुरवांनी गाऱ्हाणं घालायला घेतलं. एरवी त्यात आमचं नाव येतं. त्या दिवशी त्यांनी बाईंना नाव विचारलं आणि त्यांच्याच लेकराबाळांसाठी देवीला सांगणं केलं. सात-बारा माझ्या नावावर आहे, पण त्या दाराशी मला कुणी बोलावलं नाही, आणि त्यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. चूल ज्याने पेटवली त्याचं घर. तिचं ऋण त्याचं, आणि ते फेडल्याचं पुण्यही त्याचंच.

पण पाचवी जागा उरते, पाण्याचा घडा. आमच्या विहिरीचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण ते हलकं असतं. भूजलाचा ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी साधारण 40 मीटर वर चढू शकतं. म्हणजे मे महिन्यात पाहुण्यांनी दोनदा अंघोळ केली तर त्याचा हिशेब माझ्या एकटीच्या विहिरीत राहत नाही. शेजारच्या वाडीतल्या विहिरी त्याच थरावर आहेत, आणि तिथल्या बायकांना माझ्या भाड्यातला रुपयाही मिळत नाही. हे ऋण चार दिवसांसाठी आलेल्या माणसाला कसं सोपवणार? त्याला नळ दिसतो. पंप मी बसवला आहे.

म्हणून यंदापासून मे महिन्यात एक घर बंद ठेवायचं मी ठरवलं आहे. हे म्हणाले, अगं, वर्षाची निम्मी मिळकत याच महिन्यात होते, आणि आपण बंद ठेवलं तरी पलीकडचा बंगलेवाला टँकर मागवून चालूच ठेवणार. दोन्ही खरं आहे. वाडीतल्या दोघी-तिघींशी मी बोलले आहे. त्यांनी विहिरीला खुणेची काठी लावायला सांगितलं आहे. पाणी त्या खुणेच्या खाली गेलं, तर दुसरं घरही बंद करायचं.