मुलें विचारतील तेव्हां

(शास्त्रपाठ: यहोशवा, अध्याय ४)



इस्राएल लोक यार्देन उतरून पलीकडे गेले, त्या दिवसाच्या आठवणीसाठीं देवानें त्यांस जें आणावयास सांगितलें ते नदीच्या पात्रांतील धोंडे होते. बारा वंशांतून बारा माणसें, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर एक धोंडा. सोनें नाहीं, रेशीम नाहीं. माणसाच्या खांद्यास पेलेल एवढेंच ओझें. गिलगाल येथें ते धोंडे उभे केल्यावर यहोशवानें त्यांचा उपयोगही सांगून ठेविला: पुढें तुमचीं मुलें यांचा अर्थ विचारतील, तेव्हां देवानें नदी कशी कोरडी केली तें त्यांस सांगा. वल्हांडण सणाविषयींही (निर्गम, अध्याय १२) हीच योजना दिसते. मुलानें विचारावें, वडिलांनीं सांगावें. आमच्या मतें ख्रिस्ती घरांतील सणाची पारख एवढ्यावरच करावी: तो पाहून मूल कांहीं विचारतें काय, आणि विचारलें तर आईबापांपाशीं उत्तर आहे काय?

मुंबईंत दादर व परळ यांच्या दरम्यान हिंदमाता नांवाचें ठिकाण आहे. एका चित्रपटगृहावरून त्यास हें नांव पडलें. पावसाळ्यांत तेथें पाणी तुंबतें, सणासुदीस माणसें तुंबतात. कारण साड्या व पोशाखाचें कापड यांच्या दुकानांची तेथें दाटी आहे. खेड्यांतील कितीएक घरांचे नातलग मुंबईस असतात, आणि नाताळचे कपडे अशाच एखाद्या पेठेंतून गांवीं येतात. मुलास नवें वस्त्र द्यावें, त्यांत पाप नाहीं. परंतु बाप उसने पैसे काढून कापड आणवितो, आई रात्रभर करंज्या तळते, सकाळीं मूल उपासनेंत नव्या सदऱ्याच्या गुंड्या मोजीत बसतें, आणि सायंकाळीं सण संपतो. त्या मुलानें काय विचारावें? सदरा केवढ्याला पडला, हेंच ना! आणि त्या प्रश्नाचें उत्तर बाप पुढें आषाढापर्यंत फेडीत राहतो.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं ख्रिस्तास स्वीकारिलें, तेव्हां गांवच्या सणांचें वर्तुळही मागें टाकिलें. आतां दिवाळींत शेजारच्या अंगणांत किल्ला उभा राहतो, आकाशकंदील लागतो, आणि ख्रिस्ती मूल आपल्या उंबऱ्यावर उभें राहून पाहतें. कोणी उपदेशक त्यास म्हणतात, "पाहूं नको, घरांत जा." मूल घरांत जातें, पण घरांत आहे काय? झाडून, लोटून रिकाम्या ठेविलेल्या घराचें काय होतें हें प्रभूनें सांगितलें आहे (मत्तय, अध्याय १२). शेजाऱ्याच्या सणाची निंदा केल्यानें आपलें घर भरत नाहीं.

कोणी म्हणेल, "आमचे रिवाज तर मिशनरी साहेबांनीं घालून दिलेले, त्यांत आम्हीं भर कशी घालावी?" हा समज खरा नव्हे. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस उतरले, ते न्यू इंग्लंडांतील मंडळ्यांतून आले होते. तेथील जुन्या प्युरिटन लोकांनीं मॅसॅच्युसेट्स येथें १६५९ सालीं नाताळ पाळणारासच पांच शिलिंग दंड ठरविला होता, व तो कायदा १६८१ पर्यंत चालला! तेव्हां नाताळचा सगळा थाट त्यांनीं गांठोडें बांधून आणिला असें समजूं नये. करंजी व शंकरपाळें हीं तर आपल्याच आयांनीं नाताळच्या ताटांत वाढिलीं. ना. वा. टिळक १८९५ सालीं मुंबईंत बाप्तिस्मा घेऊन मंडळींत आले, आणि पुढें त्यांनीं ख्रिस्ताचें स्तवन अभंग-ओवीच्या वळणानें केलें, तेंही अशाच धैर्यानें.

मुलांसाठीं रिवाज कसा जन्मास येतो याचें एक चांगलें उदाहरण जर्मनींतील आहे. हांबुर्ग येथें योहान हिन्रिख विखर्न नांवाचे गृहस्थ अनाथ व उपेक्षित मुलांचें घर चालवीत. नाताळ केव्हां येणार, असें मुलें त्यांस वारंवार विचारीत. तेव्हां १८३९ सालीं त्यांनीं गाडीचें एक जुनें चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या बसविल्या: रोजच्यासाठीं लहान, आणि आगमनकाळाच्या चार रविवारांसाठीं मोठ्या चार. दररोज एक अधिक लागे. आज कितीएक देशांत आगमनकाळीं जें दिव्यांचें कडें करितात त्याचें मूळ हेंच. चाक जुनें होतें, मुलें गरीब होतीं, आणि प्रश्न मुलांचाच होता.

आपल्या घरीं चार पणत्या पुरेत. पहिल्या रविवारीं एक लावावी, दुसऱ्या रविवारीं दोन, याप्रमाणें. आणि त्या सर्वांत धाकट्या मुलाच्या हातानें, मोठ्या माणसानें हात धरून, लावाव्या. पणती अमुक धर्माची अशी शंका कोणी काढूं नये. तेल व दिवे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांतही आहेत. "आज एकच कां?" असें मूल विचारील. मग वडिलांनीं थोडक्यांत सांगावें: एका रविवारीं वाट पाहणाऱ्या संदेष्ट्यांविषयीं, एका रविवारीं मरीयेविषयीं, एकदां बेथलेहेमाविषयीं, एकदां मेंढपाळांविषयीं. लांबण लावूं नये. दिव्याचें तेल व लेंकराचा धीर दोन्ही थोडींच असतात.

याला एक जोड द्यावी. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून रिवाज आहे कीं, स्वयंपाकाच्या वेळीं बाई मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठीं बाजूस काढिते. त्या मुठींवर तेथील मंडळ्यांनीं मोठीं कार्यें चालविलीं. आपण आगमनकाळापुरती तरी एक मूठ ज्वारी, बाजरी किंवा तांदूळ मुलाच्या हातानें गाडग्यांत टाकवावी, आणि नाताळच्या आदल्या दिवशीं तें गाडगें ज्या घरीं चूल मंद आहे तेथें मुलानेंच नेऊन द्यावें. तें घर ख्रिस्ती आहे कीं नाहीं, हें पाहूं नये. ज्या वर्षीं पीक बुडालें त्या वर्षीं मूठ लहान घ्यावी. पण मोडूं नये. एखाद्या वर्षीं मोठा समारंभ व पुढच्या वर्षीं कांहींच नाहीं, यानें मुलाच्या मनांत कांहीं रुजत नाहीं.

उपदेशकांस एक विशेष विनंती आहे. आपल्या मंडळ्यांतील जीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात त्यांची मुलें बरोबर जातात, आणि आगमनकाळ व नाताळ हीं दोन्ही त्यांस फडावर गांठतात. तेथें देऊळ नाहीं, गायनमंडळी नाहीं. हीं कुटुंबें निघण्यापूर्वींच त्यांस चार रविवारांच्या तारखा लिहून द्याव्या. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. पाचटाच्या कोपींत पणती लावणें मात्र धोक्याचें आहे, म्हणून तेथें दिव्याचा आग्रह धरूं नये. मुलानें ओढ्यांतून चार गोटे वेंचून आणावे, आणि दर रविवारीं एक गोटा कोपीच्या दाराशीं ठेवावा. शेजारच्या कोपींतील मुलें तेथें येऊन हें काय म्हणून विचारतील. तें त्याच मुलास सांगूं द्यावें.