निर्मिक आणि रचनेचा पुरावा

कृतीवरून कर्त्याकडे जाण्याची सवय समीक्षेला आहे, तशीच ती ईश्वरशास्त्रालाही आहे. घट आहे तर कुंभकार असलाच पाहिजे. जग हेही कार्यच, म्हणून त्यालाही कर्ता हवा, हे दहाव्या शतकातील उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’मधील एक प्रमुख अनुमान होय. विल्यम पेलीने १८०२ साली घटाच्या जागी घड्याळ ठेवले. मराठीत या परंपरेशी सहज जोडला जातो तो जोतीराव फुले यांचा ‘निर्मिक’. १८९१ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मिकाने सूर्यमंडळे, पृथ्वी व प्राणिमात्र निर्माण केल्याचे वर्णन येते आणि अभ्यासक त्यावरून पेलीचा मराठी अवतार शोधू लागतात. हे वाचन मला अपुरे वाटते.

अपुरेपणा कोठे आहे, हे पाहण्यासाठी परळच्या गिरणीइतके चांगले स्थळ नाही. डेव्हिड ह्यूमने १७७९ साली प्रकाशित झालेल्या संवादांत जहाजाचे उदाहरण घेतले होते: सुबक जहाज पाहून आपण एका प्रतिभावान कारागिराची कल्पना करतो, प्रत्यक्षात ते अनेक हातांचे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुकतमाकत शिकण्याचे फळ असते. गिरणीतील कापडाचे तेच. ते कातणाऱ्याच्या, ताणा भरणाऱ्याच्या, सायझिंग करणाऱ्याच्या, साच्यावर उभ्या असलेल्या विणकराच्या हातून जाते आणि अखेर त्यावर छाप उठतो तो मालकाचा. कापडावरून ‘कर्ता’ अनुमानायला निघालेला माणूस त्या छापापाशी थांबतो. रचनेवरून एकच योजक सिद्ध करणाऱ्या युक्तिवादात हा छापच पुरावा म्हणून वावरत असतो, अशी शंका घ्यायला जागा आहे.

याच परळमध्ये, सुपारीबागेत, सप्टेंबर १८८४ मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर वेतन, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पगार या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या झाल्या. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. या मागण्या मान्य होण्यासाठी ईश्वर सिद्ध व्हावा लागत नव्हता. शरीर थकते एवढे पुरेसे होते. तरीही लोखंड्यांच्या गुरूला निर्मिक का हवा होता?

उत्तर ‘गुलामगिरी’त (१८७३) सापडते. ब्रह्म्याच्या मुखापासून ब्राह्मण, पायांपासून शूद्र, हीही एक रचनाच आहे आणि तीही योजकाच्या नावाने सांगितली जाते. फुले तिची निर्दय थट्टा करतात. म्हणजे त्याच मानवी देहावरून कोणी विषमता वाचतो, कोणी समता. रचना स्वतः निवाडा देत नाही. तेव्हा फुल्यांना समता सृष्टीच्या निरीक्षणातून गवसली, असे म्हणता येत नाही. समतेचा निर्णय आधी झाला आहे आणि तिला साजेसा निर्मिक त्यानंतर आला आहे. तो पुराणांतील कोणत्याही नावाने ओळखला जात नाही, त्याला दलाल चालत नाही, आणि पृथ्वी त्याची असल्यामुळे ती कोणा एकाची नाही. डार्विनने १८५९ साली पेलीच्या घड्याळाचा आधार काढून घेतला. या निर्मिकाला त्याची झळ त्या मानाने थोडीच लागते. आमच्या काही पुरोगामी समीक्षकांना निर्मिक म्हणजे फुल्यांमधला अडचणीचा अवशेष वाटतो. तो त्यांनी इतक्या घाईने झाकू नये.

अर्थात खरी कसोटी पुढे लागली, तीही परळमध्येच. तेथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले. फुल्यांना त्यांनी गुरू मानले, १९४६ सालचा शूद्रांवरील ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. निर्मिक मात्र स्वीकारला नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये सृष्टिकर्त्याची कल्पना युक्तिवादाने नाकारली आहे आणि ईश्वराची जागा नीतीला दिली आहे. समता त्यामुळे ढासळली नाही. निर्मिकाच्या स्वामित्वाचे काय, हा प्रश्न मात्र उरला. पृथ्वी कोणाची, याला फुल्यांकडे उत्तर होते. आंबेडकरांनी १९४७ सालच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे सुचवले, आणि ते संविधानात आले नाही.