जांभळं फूल, आणि त्याच्या आधी येणारं पान



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६

हा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतो. भगवंत काय काय स्वीकारतात, याची त्यात छोटीशी यादी आहे : पान, फूल, फळ, पाणी. किंमत, आकार, रंग कशाचाच उल्लेख नाही. भक्ती हा शब्द मात्र दोनदा येतो.

आता एक साधा प्रश्न. मार्केट यार्डच्या आसपास राहणाऱ्यांना फुलांची काय कमी? गुलटेकडीच्या फुलबाजारात पहाटे गेलं की जांभळ्या ॲस्टरच्या जुड्या मिळतात. मग देवासाठी जांभळ्या फुलांचं, वर्षानुवर्षं टिकणारं झाड बाल्कनीत लावायचं कशाला?

आधी झाडांबद्दल बोलू. फोटो बघून अनेकांना लॅव्हेंडर हवं असतं. पण ते कोरड्या हवेचं झाड, पुण्याच्या पावसाळ्यात कुंडी ओली राहिली की त्याची मुळं कुजतात. तामण तर आपलं राज्यफूल, सुंदरच. पण तो वृक्ष आहे, त्याला अंगण लागतं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते. ती सह्याद्रीतच शोभते. बाल्कनीसाठी उरतात आपली घरचीच माणसं : जाळीवर चढणारा गोकर्णाचा वेल, पावसाळ्यानंतर फुलणारी जांभळी कोरांटी आणि कृष्णतुळस.

यांतली कोरांटी वर्षातले बरेच महिने नुसती हिरवी असते. खरी परीक्षा तिथे आहे. फूल नाही म्हणून झाड बदलायचं का?

श्लोकातला क्रम बघा. पान पहिलं आहे, फूल नंतर. आपली परंपराही तेच करते. कृष्णतुळशीला जांभळट मंजिऱ्या येतात, पण विठ्ठलाला आपण मुख्यतः वाहतो ते पान. (मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर रोपही जास्त टिकतं.) रुईला छान फिकट जांभळी फुलं येतात, तरी शनिवारी मारुतीच्या गळ्यात माळ पडते ती रुईच्या पानांची.

म्हणजे रंग आवडणं चूक आहे का? अजिबात नाही. ऋतूंमधला वसंत म्हणजे आपणच, असं भगवंत दहाव्या अध्यायात सांगतात. पण वसंत हा एक ऋतू आहे, सहा नाहीत.

आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर डेमो सगळ्यांना आवडतो, मेंटेनन्स कुणालाच नको असतो. नामस्मरणाचं, लग्नाचं, म्हाताऱ्या आईवडिलांच्या सेवेचं असंच होतं. काही महिने बहर असतो. मग कित्येक महिने मन लागत नाही, आभार मिळत नाहीत, काही ‘फील’ होत नाही. तेव्हा आपल्याला वाटतं, भक्ती संपली. संपलेली नसते, ती पानांवर आलेली असते. आणि पानही नसेल, तर यादीत शेवटी पाणी आहेच. रोज सकाळी कुंडीत घातलेलं तांब्याभर पाणी हेसुद्धा अर्पण होऊ शकतं.

बाजारातून फूल आणायला काहीच हरकत नाही. तेही भक्तीने वाहता येतं. पण बाजारात फक्त बहर विकत मिळतो. दोन बहरांमधले दिवस विकत मिळत नाहीत, ते जगावे लागतात. झाड लावायचं ते त्यासाठी.

आज एवढंच करून बघा : ज्या झाडाला, किंवा ज्या माणसाला, सध्या फूल नाही, त्याला आधी पाणी द्या.

राम कृष्ण हरी 🙏