बाज उचलणारे चौघे



आपल्याकडे माणूस गेला की चार खांदे कधी कमी पडत नाहीत. मिरजेत असो, कराडला असो की वाईला, निरोप पोहोचायचा अवकाश, माणसे कामधंदा टाकून येतात. ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नव्हते तोही येतो, शवपेटीला खांदा देतो, मूठभर माती टाकतो. ही चांगली रीत आहे, ती टिकावी. पण संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका माणसाला उचलून आणतात, आणि तो माणूस जिवंत आहे.

प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कफर्णहूम गावात येशू एका घरात आहे, दाराशी पाय ठेवायला जागा नाही. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण बाजेवर घालून आणतात, गर्दीतून वाट मिळत नाही म्हणून छपरावर चढतात, छप्पर उकलतात आणि बाज खाली सोडतात. (ते छप्पर नंतर कोणी शाकारून दिले, हे मार्क सांगत नाही. घरमालकाला मात्र ते विचारावेसे वाटले असणार.) त्या चौघांची नावे नाहीत. त्यांच्या तोंडी एक शब्दही नाही. पण येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. आजाऱ्याचा विश्वासही त्यात असेल. पण वर पाहिल्यावर आधी दिसले असतील ते दोर धरलेले चार जणांचे हात.

चौघेच का, तर बाजेला टोके चार असतात. एकट्याने बाज उचलत नाही. दोघांनी उचलली तर कलते. आता आपल्या धर्मग्रामातल्या घरांकडे पाहा. अंथरुणाला खिळलेले सासरे, मणका दुखावलेला मुलगा, स्वतःचे नाव विसरलेली आई: यांची बाज किती जण उचलतात? बहुतेक घरांत एकच व्यक्ती. सून, नाहीतर लग्न न झालेली मुलगी, नाहीतर स्वतःच सत्तरी ओलांडलेली बायको.

मिरज हे दवाखान्यांचे गाव. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी इथे रुग्णालय उघडले, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण इथे येतात. शस्त्रक्रियेला आपल्याकडे तोटा नाही. पण एक दिवस डॉक्टर सांगतात, “आता घरी न्या, सेवा करा.” त्या वाक्यानंतरचे काम कोणत्याही दवाखान्यात होत नाही. ते दोन खोल्यांच्या घरात होते, रात्री दोन वाजता होते.

ते काम काय असते, हे ज्यांनी केले नाही त्यांच्यासाठी सांगतो. जो स्वतः हलू शकत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. रात्रीही बदलावी लागते. घास भरवताना पाठीशी उशा देऊन बसवावे लागते, आडव्या माणसाला भरवले तर अन्न श्वासनलिकेत जाते. अंग पुसणे, डायपर बदलणे, औषधांच्या वेळा, चादरीची सुरकुती काढणे, कारण सुरकुतीनेही कातडी सोलते. आणि हे सारे करून सकाळी पाण्याची वेळ, मुलांचा डबा, गॅस. वर पाहुणा येतो तो पाच मिनिटे बसून, “त्यांना जरा बाहेर उन्हात बसवत जा,” असा सल्ला देऊन जातो.

अशी बहीण सहा-सहा महिने मिस्साला दिसत नाही. मग कुजबुज होते की हल्ली ती चर्चला येत नाही. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यावर रविवारच्या मिस्साचे बंधन नसते, ही चर्चची स्पष्ट शिकवण आहे. तिला कोणताही दोष लागत नाही. पण बंधन नाही म्हणून तिची भूकही नाही, असे कोण म्हणेल? तिला ख्रिस्तशरीर हवे आहे, चार माणसांत बसून स्तोत्र म्हणायचे आहे, मिस्सानंतर आवारात दहा मिनिटे हसायचे आहे. यासाठी तिला आपली सहानुभूती पुरत नाही. रविवारी दीड तास त्या पलंगाशी बसणारी दुसरी बाई पाहिजे.

याच शुभवर्तमानात सातव्या अध्यायात प्रभू परुशांवर रागावतो. आईवडिलांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केले आहे असे म्हणून मोकळे होणारे लोक तेव्हा होते. आजही आहेत. सणाला वेदीसाठी फुले देणारा, वेलंकनीला जाऊन येणारा, पण आईच्या एअर बेडचे पैसे कोणी द्यायचे यावरून भावाशी अबोला धरणारा माणूस प्रभूला ओळखू येतो. देवाच्या नावाने आईवडिलांचे देणे चुकवता येत नाही.

मुले दूर आहेत म्हणून सगळीच दोषी, असेही मी म्हणणार नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा इतिहासच बाहेर जाण्याचा आहे. जावळी-पाटणची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामावर गेली. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावरून गलाईचा धंदा करणारे सोने-चांदी आटवायला भारतभर पांगले. मागे राहिले म्हातारा, म्हातारी, दोन म्हशी आणि मनीऑर्डरची वाट. आता आपली मुले पुण्यात, आखातात, कॅनडात आहेत. व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा दिसतो, पण तिच्या पाठीवरची जखम दिसत नाही. जो मुलगा येऊ शकत नाही त्याने निदान जवळ राहणाऱ्या बहिणीचा किंवा भावजयीचा पगार समजून दरमहा पैसे पाठवावेत, आणि वर्षातून पंधरा दिवस येऊन तिला माहेरी पाठवावे.

कायदाही आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ चा कायदा आहे. सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेले घर अट मोडल्यास परत मागता येते. हे माहीत असावे. पण न्यायाधिकरण रात्री कूस बदलायला येत नाही.

सरकारी मदतीचेही तसेच. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे दरमहा १,५०० रुपये २०२३ पासून झाले. दिव्यांगांसाठी ते २०२५ मध्ये २,५०० करण्यात आले. त्यासाठी तहसील कचेरीत अर्ज, उत्पन्नाचा दाखला, दरवर्षी हयातीचा दाखला. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र काढायला जतहून सांगलीच्या किंवा म्हसवडहून साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयात जायचे, म्हणजे पूर्ण दिवस गेला. आयुष्यभर शेतात राबलेल्या म्हातारीच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, मग दुसरी खेप. तिच्यासोबत जाणारा, अर्ज भरणारा, रांगेत तिला खुर्ची मागून देणारा एखादा निवृत्त कारकून आपल्या धर्मग्रामात नक्कीच आहे. ही बाजेचे तिसरे टोक धरण्याचीच सेवा आहे.

ज्यांच्या घरी मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल आहे त्या आईबाबांच्या मनात एकच प्रश्न असतो, आमच्यानंतर याचे काय? मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते प्रौढ होते, आणि मग पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. तो वेळेवर करावा. पण कागदावरच्या पालकापेक्षा त्या मुलाला हाक मारणारी दहा घरे असणे, हे आईला अधिक धीराचे वाटते. बेल्जियममध्ये गील नावाचे गाव आहे. संत डिम्फना हिच्या समाधीमुळे मध्ययुगापासून तिथे मनोरुग्ण येत, आणि गावकरी त्यांना आपल्या घरी ठेवून घेत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे तिथल्या कुटुंबांत राहत होते. यजमान होते शेतकरी, सुतार. औषध त्यांच्याकडे नव्हते, जेवणाच्या पाटावर जागा होती.

आणि जी आई नावे विसरते, एकच गोष्ट दहादा विचारते, तिला आपण ‘म्हातारचळ लागला’ म्हणून हसतो. तो आजार आहे. बेन सिराच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात, बापाची बुद्धी कमी झाली तरी त्याचा अवमान करू नको अशी आज्ञा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही हे घरोघरी होते, म्हणूनच ते लिहावे लागले.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होते. तक्रार आली. प्रेषितांनी प्रेमावर प्रवचन केले नाही (मी आज तेच करतो आहे, हे ठाऊक आहे), त्यांनी सात माणसे नेमली, नावानिशी. नाव नसलेली सेवा चार दिवसांत थंडावते. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २००० नंतर शेजाऱ्यांनी मिळून दुखणाईतांची घरी सेवा करण्याचे जाळे उभे केले: रिक्षावाले, विद्यार्थी, गृहिणी, सगळ्या धर्मांचे. आठवड्याला दोन तास, एवढेच मागणे. पॅरिसमध्ये १८३३ मध्ये फ्रेडरिक ओझानामने विद्यार्थ्यांसह सुरू केलेली संत विन्सेंट दी पॉल सोसायटीही गरिबांच्या घरी जोडीने जाण्यावरच उभी राहिली.

आपल्याकडे याची एक निकड वेगळी आहे, ती म्हणजे कृष्णामाई. २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून माणसे बाहेर काढणारी होडी उलटली आणि किती घरे उजाड झाली, हे आपण विसरलेलो नाही. धडधाकट माणसाला निघणे कठीण, तिथे पलंगावरच्या माणसाला कोण काढणार? पाणी चढू लागल्यावर शोधाशोध करून भागत नाही. कोणत्या गल्लीत, कितव्या मजल्यावर, न चालणारे कोण आहे आणि त्याला उचलणारे चौघे कोण, हे मे महिन्यातच लिहून ठेवलेले पाहिजे.

म्हणून मिस्सानंतर डाव्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. पुढच्या पानांवर ज्यांच्या घरी वृद्ध, आजारी किंवा दिव्यांग आहेत त्यांनी पत्ता आणि काय हवे ते लिहावे: बसायला माणूस, दवाखान्यात सोबत, घरी ख्रिस्तशरीर, तैलाभ्यंग. लाजू नये, न लिहिणाऱ्यांची नावे शेजाऱ्यांनी विचारून लिहावीत. मागच्या पानांवर आठवड्याचे दोन तास देणाऱ्यांनी आपला वार लिहावा. येत्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता चर्चच्या हॉलमध्ये सिस्टर कूस बदलणे आणि पलंगावरून खुर्चीत बसवणे करून दाखवतील. पुरुषांनीही यावे, उचलायचे काम त्यांना अधिक सोपे जाते. आणि चर्चच्या पायऱ्यांशेजारी व्हीलचेअरसाठी उतार बांधायचा आहे. गवंडीकाम येणाऱ्यांनी मला आजच भेटावे, पावसाच्या आधी तो वाळला पाहिजे.