खलनायकाची गोष्ट आणि वायमार

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना वायमार प्रजासत्ताकाचा अंत शिकवताना शिक्षक बहुधा हिटलरपासून आरंभ करतो. कथनाचा नैतिक प्रश्न येथेच उद्भवतो. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत खलनायक पहिल्यापासूनच खलनायक असतो. त्याला साथ देणारे मूर्ख ठरतात आणि ऐकणारा मुलगा निर्दोष राहतो. वस्तुतः १९३२च्या जुलै व नोव्हेंबरमधील निवडणुकांदरम्यान नाझींची मते ३७.३ टक्क्यांवरून ३३.१ टक्क्यांवर घसरली होती. अध्यादेशांनी राज्य चालवण्याची सवय १९३० पासूनच, ब्र्यूनिंगच्या काळात, जडली होती. मला वाटते, वर्गात रेंगाळावे ते कॅथलिक सेंटर पक्षापाशी. २३ मार्च १९३३ रोजी सर्वाधिकार देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला, त्यात या सभ्य माणसांची मते होती. चर्चच्या हक्कांविषयीचे आश्वासन त्यांना पुरेसे वाटले. कबूल केलेले लेखी पत्र हाती आलेच नाही. (विरोधी मते केवळ सोशल डेमोक्रॅटांची, कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात अथवा परागंदा.) कारणे समजून घेतल्याने अपराध सौम्य होतो, असा आक्षेप येईल. परंतु ती कारणे स्वतःला पटू लागल्याचे ज्या मुलाला जाणवते, त्याचाच निषेध खरा. ५ जुलैला सेंटर पक्षाने स्वतःचे विसर्जन केले.