पान जाळून संकल्प होतो काय?

मनुष्य हा संकल्प करणारा प्राणी आहे. जनावर भूक लागली की चरते. माणूस मात्र उद्याच्या भाकरीचा, लेकराच्या शिक्षणाचा, डोक्यावरच्या छपराचा विचार आज करतो आणि त्याप्रमाणे मनाशी काही ठरवतो. हे ठरवणे म्हणजेच संकल्प. धम्माचा स्वीकार हाही एक संकल्पच होय. तेव्हा नवदीक्षित बौद्ध कुटुंबाने संकल्प करावा की नाही, हा प्रश्न उरत नाही. प्रश्न आहे तो संकल्प कसा करावा आणि त्यासाठी हातात एखादे पान, फूल वा मुळी घ्यावी काय, हा.

हा प्रश्न मला पुस्तकात सापडलेला नाही. तो मला माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्याशी विचारण्यात आला. दहावीच्या परीक्षेला दोन दिवस उरले होते. कुटुंब नवदीक्षित, दोन वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलेले. मुलीची आई धुणीभांडी करून संसार चालवते. मी बीजगणिताची काही उदाहरणे समजावून द्यायला गेलो, तर मुलगी रडत बसलेली. चौकशी केली तेव्हा कळले की, मोबाईलवर कोणीतरी दाखविलेल्या विधीप्रमाणे तिने तमालपत्राच्या पानावर हिरव्या शाईने ‘८५ टक्के’ असे लिहिले, डोळे मिटून ते मनात धरले आणि पान गॅसवर जाळले. पूर्ण जळालेल्या पानाची राख उंबऱ्याबाहेर फुंकली की इच्छा फळाला येते, असे सांगितलेले होते. पण पान अर्धेच जळाले. आकड्यातला आठ जळाला, पाच राहिला. झाले! मुलीने पुस्तक मिटले आणि रडू लागली.

मी काही बोलणार, इतक्यात आईच म्हणाल्या, “सर, तुम्ही रागवाल हे मला ठाऊक आहे. पण मला एवढं सांगा, ह्यात देव नाही, भटजी नाही, मंत्र नाही, दक्षिणा नाही. घरच्या डब्यातलं एक पान. मग बावीस प्रतिज्ञांपैकी आमच्या लेकीनं कोणती मोडली?”

खरे सांगतो, मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. ‘अंधश्रद्धा आहे, सोडून द्या’ असे म्हणून मोकळे होता आले असते. परंतु ज्या बाईने पिढ्यान्‌पिढ्यांचे देव्हारे एका दिवसात रिकामे केले, तिच्या प्रश्नाला एका शब्दात उडवून लावणे हा तिचा अपमान झाला असता. म्हणून हा प्रश्न मी घरी घेऊन आलो. त्याचे उत्तर सर्व नवदीक्षित बंधुभगिनींपुढे मांडतो.

प्रथम त्या पानाविषयी. पान जाळून इच्छा मागण्याचा हा प्रकार आपल्या मातीतला नाही. युरोपात ‘लॉरेल’ नावाचे झाड आहे. प्राचीन ग्रीसमध्ये ते अपोलो या देवाचे झाड मानले जाई आणि डेल्फी येथील खेळांत जिंकणाऱ्याच्या मस्तकावर त्याच्या पानांचा मुकुट ठेवीत. यश आणि भविष्य यांच्याशी त्या पानाचे नाते जोडले गेले ते तेथून. आपल्या मसाल्याच्या डब्यातले तमालपत्र हे वेगळे झाड आहे. ते दालचिनीच्या जातकुळीतले असून हिमालयाच्या पायथ्याशी वाढते. त्याच्या पानावर देठापासून निघालेल्या तीन लांब शिरा दिसतात. लॉरेलच्या पानाला मधोमध एकच शीर असते. म्हणजे ज्या पानाचा महिमा ऐकून आपण पान जाळतो, ते पान आपल्या डब्यात नाहीच! महिमा पानात असता तर पान बदलल्यावर तो नाहीसा व्हायला हवा होता. पण सांगणाराला आणि करणाराला त्याची दादही नसते. यावरून हे उघड होते की, महिमा पानाचा नसून करणाराच्या मनातील ओढीचा आहे.

मग कोणी म्हणेल, “ओढ खरी आहे ना? मग पानाने तिला धीर दिला तर बिघडले कोठे?” हा आक्षेप मी हलका मानत नाही. मी स्वतः दहावीला होतो तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या आईने मीठ-मोहरी माझ्यावरून उतरवून चुलीत टाकली होती. त्या वेळी आमच्याकडे रोज भारनियमन असे. मी कंदिलाजवळ वाचत असे आणि माझी निरक्षर आई मला झोप लागू नये म्हणून समोर जागत बसे. आज विचार करतो तेव्हा वाटते, मला पुढे नेले ते त्या जागत बसण्याने. मोहरी तडतडली आणि विझली. आईचे जागणे मात्र सबंध वर्ष चालले. माया दोन्हींत होती; पण काम एकानेच केले.

मोहरीवरून भगवान बुद्धांच्या चरित्रातील किसा गोतमीची कथा आठवते. तिचे एकुलते एक मूल दगावले. मेलेल्या मुलाला कडेवर घेऊन ती श्रावस्तीत औषध मागत फिरली आणि शेवटी बुद्धांकडे आली. बुद्धांनी तिला चिमूटभर मोहरी आणावयास सांगितली; अट एवढीच की, ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरची ती असावी. मोहरी घरोघर मिळाली. अटीत बसणारे घर मात्र एकही मिळाले नाही. दारोदार फिरता फिरता मृत्यू आपल्या एकटीच्याच दारी आलेला नाही, हे तिला उमगले आणि तिने मुलाला स्मशानात ठेवले. आता पाहा, तीच मोहरी आपल्याकडे दृष्ट काढण्याकरिता वापरतात. तेथे ती माणसाला सत्यापासून दूर नेते आणि बुद्धांच्या हाती तीच मोहरी गोतमीला सत्यापर्यंत पोहोचविते. वस्तू एकच, फरक वापरात आहे.

बौद्ध माणसाला वनस्पतींचे वावडे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. बुद्धांचा वैद्य जीवक तक्षशिलेला शिकत होता, तेव्हा त्याच्या आचार्यांनी त्याला एक योजन परिसरात फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परत आला. अशी एकही वनस्पती त्याला आढळली नाही. आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण पुरे झाले. तेव्हा खोकल्यावर तुळशीचा काढा घ्यावा, गवती चहा प्यावा, जखम हळदीने भरावी. यात धम्माला बाध येत नाही. आपण बुद्धवंदनेत फुलेही वाहतो. परंतु फूल वाहताना आपण काही मागत नाही. हे फूल जसे कोमेजते तसे हे शरीरही कोमेजणार आहे, एवढे सत्य आपण त्या वेळी मनात आणतो. फूल आपल्याला विचार करावयास लावते. जाळलेले पान आपल्या वतीने काम करील अशी आशा लावते. हा भेद नीट ध्यानात घ्यावा.

तथागतांनी असिबंधकपुत्त नावाच्या गावप्रमुखाला एक दृष्टांत दिला होता. एखाद्या माणसाने मोठा धोंडा खोल डोहात टाकला आणि गावातील सगळे लोक काठावर जमून, हात जोडून ‘धोंड्या, वर ये’ अशी प्रार्थना करू लागले, तर धोंडा वर येईल काय? येणार नाही. कारण बुडणे हा धोंड्याचा धर्म आहे. कर्माचे फळ प्रार्थनेने बदलत नाही, हे सांगण्याकरिता बुद्धांनी हा दृष्टांत योजला. न सोडविलेले बीजगणित हा असाच धोंडा आहे. पान जाळून तो तरंगत नाही.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. प्रतिज्ञा कोणती मोडली? देव मानला नाही, श्राद्ध घातले नाही, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करविले नाही. त्या अर्थाने पाहिले तर कोणतीही नाही. पण बावीस प्रतिज्ञा केवळ ‘हे करणार नाही’ असे सांगत नाहीत. त्यांतील अकरावी प्रतिज्ञा अष्टांगिक मार्गाची आणि बारावी दहा पारमितांची आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक् व्यायाम आहे, म्हणजे योग्य दिशेने केलेला प्रयत्न. दहा पारमितांत वीर्य आहे आणि अधिष्ठानही आहे. अधिष्ठान म्हणजे घेतलेल्या निश्चयावर ठाम उभे राहणे. संकल्पाला बौद्ध धम्मातले नाव हे आहे. आपले अधिष्ठान आपण पानाच्या स्वाधीन केले, की ही पारमिता आपल्या हातून सुटते. म्हणून त्या ताईंना माझे उत्तर असे की, लेकीने प्रतिज्ञा मोडली नाही. पण पाळावयाची प्रतिज्ञा त्या रात्री बाजूला ठेवली.

दुसरे असे की, निर्वाणाच्या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्या सोतापन्नाची जी तीन बंधने तुटतात, त्यांत ‘सीलब्बतपरामास’ हे एक आहे. व्रते आणि कर्मकांड यांनीच आपण तरून जाऊ, या समजुतीला धरून बसणे, असा त्याचा अर्थ. बुद्धांनी याला बंधन का म्हटले, हे मला त्या मुलीच्या डोळ्यांत दिसले. पूर्ण जळालेले पान जर यश देत असेल, तर अर्धे जळालेले पान अपयश देणारच! विधी आशा देतो तेव्हा त्याच हाताने भीतीही देतो. मांजर आडवे गेले, दूध उतू गेले, नारळ नासका निघाला, या भीतींतून बाहेर पडण्यासाठी आपल्या आईबापांनी केवढी किंमत दिली! ती भीती आता नवे कपडे घालून मोबाईलमधून घरात शिरत असेल, तर आपण दार उघडे टाकावयाचे काय?

मग बौद्धाचा संकल्प कसा असतो? बाबासाहेबांच्या चरित्रात याचा सर्वांत मोठा दाखला आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असा निर्धार त्यांनी हजारोंच्या साक्षीने जाहीर केला. तो पुरा झाला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला. मध्ये एकवीस वर्षे गेली. या काळात त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, श्रीलंका आणि ब्रह्मदेशातील बौद्ध जीवन जाऊन पाहिले, १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापली आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहिला. संकल्पाच्या आणि सिद्धीच्या मध्ये काय असते, ते या एकवीस वर्षांत दिसते. नागपूरलाही विधी झाला, हे खरे. भिक्खू चंद्रमणी महास्थविरांकडून त्यांनी त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. पण त्या विधीत प्रत्येकाने आपल्या तोंडाने, शुद्धीवर राहून, चारचौघांच्या साक्षीने ‘मी असे वागेन’ असे म्हटले. मला हे मिळो, असे कोणी म्हटले नाही.

यावरून आपल्या घरात करण्याजोगी एक साधी रीत सुचवितो. पौर्णिमेच्या सायंकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. त्रिशरण-पंचशील म्हणावे. मग प्रत्येकाने एकेक संकल्प मोठ्याने बोलावा. तो मिळकतीचा नसावा, कृतीचा असावा. ‘मला ८५ टक्के मिळोत’ हे मागणे झाले. ‘मी रोज पाच उदाहरणे सोडवीन’ हा संकल्प झाला. तो वहीत लिहावा आणि सम्यक् व्यायामाच्या चार अंगांप्रमाणे त्याखाली चार ओळी लिहाव्यात: कोणती वाईट सवय येऊ द्यावयाची नाही, लागलेली कोणती सोडावयाची, कोणती चांगली सवय नव्याने लावावयाची आणि असलेली कोणती टिकवावयाची. पुढच्या पौर्णिमेला वही उघडून खरे काय ते सांगावे. चुकले असेल तर लपवू नये आणि चुकणाऱ्याला कोणी हिणवू नये. वडिलांनीही आपला संकल्प मुलांसमोर सांगावा. दारूचा असेल तर तोही सांगावा.

कोणाला हातात काही हिरवे हवेच वाटत असेल, तर त्याने डब्यात गवती चहाचे एक ठोंब लावावे आणि अभ्यासाला बसण्यापूर्वी त्याला पाणी घालावे. ते रोप आपले गाऱ्हाणे ऐकते म्हणून नव्हे. आपण आज पाणी घातले की नाही, एवढे ते खरे सांगते म्हणून. आणि रोप वाळले तर तो अपशकुन समजू नये. पाणी कमी पडले किंवा कीड लागली, एवढाच त्याचा अर्थ. कारण शोधावे आणि दुसरे लावावे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या घरी गेलो. आधी ताईंना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. मग मुलीला विचारले, “कोणत्या प्रकरणाची भीती वाटते?” बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “वर्गसमीकरणे. वर्षभर मी ती टाळत आले.” हे वाक्य तिने प्रथमच कोणाजवळ उच्चारले होते. तिच्या संकल्पाला खरी सुरुवात झाली ती या कबुलीने. आम्ही रात्री नऊपर्यंत उदाहरणे सोडविली. आई समोर भाजी निवडत बसल्या होत्या. उरलेली तमालपत्रे त्यांनी मसालेभातात घातली.

त्या मुलीला किती गुण मिळाले, हे मी मुद्दामच लिहीत नाही. लिहिले तर तो आकडाच उद्या कोणाचे तरी नवे तमालपत्र व्हावयाचा.

भवतु सब्ब मंगलं.